पुराचा तिसरा आठवडा: नाशिकच्या मंडळीत मदतकार्याला नव्याने येणाऱ्यांसाठी

गोदावरीला पूर आला की पहिले तीन-चार दिवस मदतीला माणसं कमी पडत नाहीत. गणेश मंडळं येतात, गुरुद्वाऱ्यातून लंगर येतो, पुढाऱ्यांचे टेम्पो येतात, कॉलेजची पोरं खिचडी वाटत फिरतात. मग पाणी उतरतं, कॅमेरे जातात, आणि ओल धरलेल्या खोलीत कुणी मावशी चिखलाने चिकटलेलं रेशन कार्ड हातात धरून विचार करत बसते की आता कुठे जायचं. मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांचं, काम खरं तिथून पुढे असतं. आपल्याकडे ट्रक नाहीत, बोटी नाहीत. आपल्याकडे आहे तो दर रविवारी उघडणारा हॉल, पत्ते ठाऊक असलेली महिला समिती, आणि महिनाभरानंतरही त्याच दारात जाऊन ‘काय झालं हो त्या अर्जाचं?’ असं विचारणारी माणसं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कुणी नोकरीनिमित्त सातपूर-अंबडला नुकतं आलं असेल, कुणी वर्षानुवर्षं उपासनेला येऊनही मदत समितीत कधी बसलं नसेल. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथॉडिस्ट, पेंटेकॉस्टल, तुमचं चर्च कोणतंही असो, चिखल सगळ्यांना सारखाच काढावा लागतो.

नाशिकला या कामाची जुनी सवय आहे. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 च्या सुमारास इथे शरणपूरची वसाहत उभी केली. अनाथ मुलं आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकून बाहेर पडली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत घेऊन गेला. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलेल्या कितीजणांना हे माहीत असेल, देव जाणे. मुद्दा एवढाच की त्या मुलांना जेवण घालून कुणी मोकळं झालं नव्हतं. हातात धंदा येईपर्यंत वर्षं गेली होती.

आधी पाणी कुठून येतं ते शिका

नवीन माणूस ‘पूर’ म्हणजे फक्त रामकुंड समजतो. तिथली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आपलं जुनं मोजमाप आहेच: पाणी पायाला, कमरेला, गळ्याला. गंगाघाटावरचे टपरीवाले आणि भांडी बाजार, सराफ बाजारातले दुकानदार त्यावरून माल हलवतात. 1969, 2008, 2016 आणि 2019 चे पूर आठवणारी माणसं मंडळीत असतील, त्यांच्याशी बोला. कोणत्या गल्लीत पाणी कुठून शिरतं हे नकाशापेक्षा त्यांना जास्त कळतं.

बातमीत दोन आकडे येतात. एक गंगापूर धरणातून होणाऱ्या विसर्गाचा आणि दुसरा होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा, दोन्ही क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. दुसरा बहुधा मोठा असतो, कारण धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊसही नदीतच येतो. म्हणून ‘धरणातून फार सोडलेलं नाही’ एवढं ऐकून निवांत होऊ नका. शिवाय नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या उपनद्या धरणाचं काही ऐकत नाहीत. शहरात दोन तास धुवाधार झाला की त्यांच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरतं, आणि तिथे टीव्हीवाले क्वचितच पोहोचतात.

खाली निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरी ही गावं वेगळ्याच पेचात असतात. गोदावरीला तिथपर्यंत दारणा नदीचं पाणी मिळालेलं असतं आणि पुढे नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा असतो. नाशकात पाणी उतरलं म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो तेव्हा तिकडे चढत असतं. तुमच्या मंडळीत सायखेडा-चांदोरीचं माहेर असलेलं कुणी असेल तर तो नंबर आजच फोनमध्ये घाला.

पहिला दिवस: बहुतेक कामं करायची नाहीत

पाण्यात उतरायचं नाही. पुलावर गर्दी करायची नाही. सुटकेचं काम अग्निशमन दल आणि आपत्ती पथकांचं. आपल्याला तीन नंबर पाठ हवेत: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, रुग्णवाहिका 108 आणि कोणत्याही तातडीला 112.

आपण करायचं ते एवढंच. पाळकसाहेब किंवा फादर यांच्या परवानगीने हॉल उघडायचा, संडास-पाणी-वीज तपासायची, आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला कळवायचं की इतकी माणसं झोपू शकतील. महापालिका शाळांमध्ये निवारा उघडते, तेव्हा तुमचा हॉल लागेलच असं नाही. लागला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. हॉल लागला तर बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी बाजूची खोली, दाराला कडी, रात्री दोन बायका आणि दोन पुरुष जागे, एवढं आधी ठरवा. गाद्यांचं नंतर बघू.

पहिल्या दिवशी जेवण शिजवलेलं लागतं, कारण चूलच नसते. खिचडी, पोळी-भाजी, लहानग्यांना दूध-बिस्किट. किराण्याचं किट या दिवशी देणं म्हणजे डोक्यावर ओझं देणं. ते ठेवणार कुठे?

यादी

इथे थोडं थांबू या, कारण मदतकार्य बिघडतं ते इथे.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण येतं ते वाटपावरून. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी प्रवचन दिलं नाही. सात माणसं नेमली, चांगलं नाव असलेली, आणि काम त्यांच्याकडे सोपवलं. यातून घ्यायचं ते हे: आपलं दुर्लक्ष सहसा दुष्टपणाने होत नाही, ओळखीमुळे होतं. ओळखीच्या घरी आपण दोनदा जातो, अनोळखी गल्लीत एकदाही जात नाही.

म्हणून यादी करायला एकटं जाऊ नये. दोघं जा, त्यात एक बाई हवीच, आणि शक्य असेल तर एकजण त्याच वस्तीतला हवा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. शाळेची वही घ्या, फोनवर भरवसा ठेवू नका, चार्जिंग संपतं. प्रत्येक घराचं एक पान: घरात किती माणसं, त्यांत तान्हं मूल, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं कुणी, बीपी-शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या का, घर स्वतःचं की भाड्याचं, चूल पेटते का, आणि शेवटी एक प्रश्न: ‘तुम्हाला आत्ता सगळ्यात आधी काय पाहिजे?’

हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. उत्तर सुचवू नका. घाटाजवळच्या एका गल्लीत आमची मंडळी तांदळाच्या पिशव्या घेऊन उभी होती आणि समोरच्या आक्का म्हणाल्या, ‘ताई, तांदूळ कालपासून तिघांनी दिले. खराटा द्या नि फिनेल द्या. आणि ही सिंगर मशीन बघा कुणाकडून दुरुस्त होते का, माझं पोट त्याच्यावर आहे.’ मशीनच्या लोखंडी पायातून अजून पाणी ठिबकत होतं. बॉबिनच्या डबीत गाळ गच्च बसला होता. पाच किलो तांदळाने जे झालं नसतं ते ओळखीच्या मेकॅनिककडून साफसफाई आणि तेलपाणी करून झालं.

भाडेकरू, घाटावर राहणारे, हातगाडीवाले, बाहेरगावचे मजूर ही माणसं सरकारी यादीतून आणि आपल्याही यादीतून आधी निसटतात. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. आणि यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कोण एकटी राहते, हे चावडीवर सांगायचं नसतं.

किट आणि जुने कपडे

किटमध्ये तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, मीठ, तिखट-हळद, चहा-साखर, अंगाचा आणि कपड्याचा साबण, काडेपेटी, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड. सोबत झाकणाची बादली, कारण बाकी सगळं तिच्यातच भरून नेता येतं. पाऊस चालू असेल तर ताडपत्री. घाऊक माल शक्यतो त्याच भागातल्या किराणा दुकानदाराकडून घ्या. त्याचंही नुकसान झालेलं असतं.

जुन्या कपड्यांबद्दल माझं मत कडक आहे: मागवू नका. एकदा आवाहन केलं की हॉल छतापर्यंत भरतो. त्यातून निघतात फाटके स्वेटर, कुणाच्याच मापाचे नसलेले ब्लाउज, एकेरी चपला आणि लग्नातला शेरवानी. निवडायला महिला समितीचे दोन शनिवार जातात, आणि शेवटी ते टाकायला गाडी करावी लागते. आतले कपडे, टॉवेल, चादरी, मुलांचे गणवेश, एवढंच आणि कोरं. ज्याला द्यायचंच आहे त्याला सांगा, टॉवेलचे पैसे द्या.

पैसा

प्रेषित पौलाने यहूदियातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय खजिनदाराने वर्षातून एकदा वाचावा, असं मला वाटतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. देणगी नोंदणीकृत ट्रस्टच्या पावतीवरच घ्यायची. स्वतःच्या गुगल पेवर ‘तात्पुरती’ घ्यायची नाही, कितीही घाई असली तरी. खर्चाच्या व्हाउचरवर दोघांच्या सह्या. ट्रस्टला 80जी, म्हणजे देणगीवर करसवलतीची नोंदणी, असेल तर देणगीदाराला सांगा की 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करात सूट मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने किंवा तिकडच्या चर्चने पैसे पाठवतो म्हटलं, तर हात जोडून थांबवा. एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर तो पैसा घेता येत नाही, आणि ‘भावना चांगली होती’ हे उत्तर तिथे चालत नाही. अशांना एफसीआरए नोंदणी चालू असलेल्या मोठ्या संस्थांची वाट दाखवा.

महिनाअखेर हिशेब सूचनाफलकावर लावा, जमा, खर्च, शिल्लक. लाभार्थ्यांची नावं मात्र लावायची नाहीत.

गाळ

घर साफ करण्याआधी फोटो काढायचे. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी घरातला माणूस उभा, भिजलेलं सामान, दारावरचा घर नंबर. लोकांना आधी धुवायची घाई असते, साहजिक आहे. पण पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत भिंत चकाचक झालेली असते आणि मग ‘पाणी किती होतं’ यावर वाद होतो.

मेन स्विच बंद आहे का, हे पहिलं बघा. भिजलेला मीटर आणि वायरिंग महावितरणच्या माणसाने किंवा परवानाधारक वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायचं नाही. फ्रीज, मोटर, मिक्सर पूर्ण वाळल्याशिवाय प्लगमध्ये नाही. अडगळीत साप-विंचू असतो, म्हणून हात घालण्याआधी काठी.

गाळ ओला असतानाच फावड्याने ओढा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. घमेल्याने साखळी करून बाहेर. मग पाणी, मग ब्लीचिंग पावडर. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो. बंद खोलीत तर नाहीच नाही.

गमबूट आणि रबरी मोजे हौस म्हणून नाहीत. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) पायाच्या बारीक जखमेतून शिरतो. पुढच्या महिनाभरात कधीही ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की मी पुराच्या पाण्यात होतो. तसं सांगितलं नाही तर साधा व्हायरल म्हणून दिवस जातात. प्रतिबंधाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मेडिकलमधून मनाने नाही. पिण्याचं पाणी उकळून, किंवा आरोग्य कर्मचारी देतात ते मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून.

तिसरा आठवडा: कागद

हे काम कुणाला दिसत नाही, त्याचे फोटो येत नाहीत. म्हणूनच ते आपल्याकडे येतं.

भिजलेले कागद उन्हात ठेवू नका, वाकडे होतात आणि शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, एकेक सुटा करून, मध्ये कोरा कागद घालून. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, स्वच्छ पाण्यात थोडा वेळ ठेवले की बहुधा आपोआप सुटतात. लॅमिनेशन करायची घाई नको, आत ओल राहिली तर बुरशी येते.

मग हॉलमध्ये एक टेबल लावायचं. त्यावर निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले एखादे काका, आणि फॉर्म भरता येणारी तरुण संघातली दोन मुलं. आधार दुसऱ्यांदा मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. रेशन कार्डासाठी धान्य वितरण कार्यालय. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात चिवट, विशेषतः शाळा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर, म्हणून तो आधी हाती घ्या. सरकारी मदत खात्यावर येते, तेव्हा खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि चालू आहे का, हे बँकेत जाऊन पाहायचं. कित्येक बायकांचं खातं वापर नसल्याने बंद पडलेलं असतं. मदतीची रक्कम आणि निकष शासन निर्णयागणिक बदलतात. ते तहसील किंवा तलाठी कार्यालयात विचारूनच सांगा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तलाठी म्हटलं तरी कुणी रागवत नाही.

आपण फॉर्म भरून देतो, रांगेत सोबत उभे राहतो. ‘करून देतो’ असं वचन देत नाही. आणि सोबत जाण्याचे पैसे कुणी देऊ केले तर चहासुद्धा आपणच पाजायचा.

प्रार्थना करायची का?

नवे लोक हे हमखास विचारतात. उत्तर: आपापसात भरपूर, दुसऱ्याच्या दारात त्याने म्हटलं तरच. किटमध्ये पत्रक, शुभवर्तमानाची प्रत, कॅलेंडर, काहीही घालायचं नाही. मदत घेणाऱ्याकडून उपासनेला येण्याची अपेक्षा ठेवायची नाही, सुचवायचीही नाही. उपाशी माणसापुढे भाकरी धरून त्याच वेळी काही मागणं हे आपल्याच शिकवणीत बसत नाही. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्या जखमी माणसाला खाणावळीत नेलं, पैसे भरले, परत येईन म्हणाला. त्याचा धर्म विचारला नाही आणि स्वतःचा सांगितला नाही.

व्यवहाराचीही बाजू आहे. वातावरण नाजूक आहे, आणि एका उत्साही भावाच्या हातातलं एक पत्रक वर्षांचं काम धुळीला मिळवू शकतं. शक्य तिथे शेजारच्या देवस्थानच्या विश्वस्तांबरोबर, मशिदीच्या कमिटीबरोबर गल्ल्या वाटून घ्या. दोनदा वाटप टळतं आणि ओळखही होते. मदत घेणाऱ्याचा किट हातात धरलेला फोटो काढायचा नाही. हिशेबासाठी हवा तर सामानाचा काढा.

पूर नसतो तेव्हा

जिल्ह्यातली सगळी संकटं नदीतून येत नाहीत.

गारपीट घ्या. 2023 च्या नोव्हेंबरअखेर निफाड भागात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या, कांद्याचं नुकसान झालं. बागायतदाराला आपलं किराण्याचं किट देणं त्याला लाजवण्यासारखं आहे. तिथे पंचनामा महत्त्वाचा. तलाठी, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) मिळून तो करतात, आणि सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं. पण बागेबरोबर आणखी कुणाची तरी रोजी जाते: पेठ-सुरगाण्याहून छाटणीला, खुड्याला आलेल्या मजुरांची. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांचा पंचनामाही नाही. बागेच्या कडेला पालात राहणाऱ्या त्या कुटुंबांना रेशन लागतं, गावी परतायला एसटीचं भाडं लागतं. आपण जायचं ते त्यांच्याकडे.

टंचाईचंही तसंच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकला पाऊस धो-धो पडतो, पण डोंगरउतारावरून पाणी वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीने हंडा भरतात. टँकर आपण मागवून दोन दिवस वाहवा होते, तिसऱ्या दिवशी हंडे रिकामे. टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीला जातो, त्याचा पाठपुरावा करा. आपल्या पैशातून झाकणाचे पिंप, विहिरीतला गाळ काढणं, काठाला कठडा, एवढं करता येतं. जाण्याआधी पाड्यावरच्या कुणाशी तरी फोनवर बोला. न सांगता दहा गाड्या घेऊन गेलं तर तिथल्या बायांना आपल्या चहासाठीही पाणी भरावं लागतं.

तुम्ही सुरुवात कुठून करायची

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींना गाठा आणि सांगा, मला वहीचं काम द्या. भाषणाचं नको, वाटपाचं नको, वहीचं. कंपनीत पाळी असेल तर संध्याकाळचे दोन तास कागदांच्या टेबलाला पुरतात. गाडी असेल तर कळवून ठेवा. नर्स, वायरमन, प्लंबर, शिलाई मशीन दुरुस्त करणारे, वकील, यांची यादी मंडळीतूनच निघते, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं. सुगीच्या सणाला, म्हणजे आपल्या हार्वेस्टला, जो लिलाव होतो त्यातला काही भाग आपत्तीसाठी राखून ठेवायचा ठराव कमिटीत मांडता आला तर मांडा. बायबलमधल्या अंत्युखिया शहरातल्या शिष्यांनी दुष्काळ येणार असं ऐकल्यावर आधीच ऐपतीप्रमाणे काढून ठेवलं होतं. नंतर धावाधाव करण्यापेक्षा ते बरं.

मेअखेर हॉलमागची खोली उघडून सामान मोजा: फावडी, घमेली, खराटे, दोर, टॉर्च, ताडपत्र्या. ताडपत्र्या उलगडून बघा, उंदीर दुमडीतच कुरतडतात. किल्ली दोघांकडे हवी, आणि ते दोघं एकाच घरात राहणारे नकोत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. आणि गमबूट स्वतःच्या मापाचे स्वतः विकत घ्या. कुठल्याही चर्चच्या खोलीत बघा, असतात ते सगळे दहा नंबरचे असतात.